प्युरिफायरची ऑर्डर आठवडाभर थांबवा

तुमची अडचण मला समजली ती अशी: साइटवरच्या माणसांसाठी नव्या पोर्टा केबिन आणल्या, एकेका केबिनमध्ये चौघं झोपतात. सकाळी उठल्यावर डोकं जड, दुपारी आत शिरलं की डोळे चुरचुरतात, दोन केबिनमध्ये कुबट वास. आणि ऑफिसचं म्हणणं, प्रत्येक केबिनला एअर प्युरिफायर घेऊन टाका. अशा कॅम्पांची व्यवस्था मी बरीच वर्षं बघितली आहे. या तीन तक्रारी म्हणजे तीन वेगळी दुखणी असावीत, आणि त्यातलं एकही प्युरिफायरने मुळापासून जाणार नाही.

पण आधी एक काम आजच करा. जनरेटर कुठे आहे ते बघा. केबिनपासून किमान 6 मीटर लांब हवा, आणि त्याच्या धुराचं तोंड कुठल्याही खिडकीकडे नको. थंडीत कुणी आत शेगडी पेटवत असेल तर ती आजपासून बंद. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे प्रत्येक केबिनमध्ये त्याचा अलार्म लावून घ्या. एकाच केबिनमधल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळ सुरू झाली, तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, डॉक्टरकडे पाठवा, मग बाकीचं.

आता सकाळचं जड डोकं. 20 फुटी केबिनमध्ये साधारण 33 घनमीटर हवा असते. झोपलेला माणूस तासाला 12-13 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो, म्हणजे चौघांचे झाले पन्नास. केबिन अगदी हवाबंद असती तर पातळी तासाला 1500 पीपीएमने (हवेच्या दहा लाख भागांत 1500 भाग) चढली असती. बाहेरच्या हवेत ती 420-430 च्या आसपास असते. फटींमधून थोडी हवा जाते-येते म्हणून प्रत्यक्षात इतकी चढत नाही, तरी पहाटे 3000 दिसले तर मला नवल वाटणार नाही. हा आकडा खबऱ्या समजा: तो चढलाय म्हणजे घाम, ओल, फर्निचरचा वास, सगळंच आत साठतंय. "पण एसी चालू असतो की," असं प्रत्येक जण म्हणतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, बाहेरची एक फुंकरही आत आणत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सुचवली होती. चौघांसाठी ते तासाला 144 घनमीटर होतात. एक्झॉस्ट फॅन घेताना त्याच्यावरचा आकडा याच्या बराच वरचा बघा, कारण जाळी, झडप आणि धूळ मिळून बरंच काही खातात.

आणि इथेच आम्ही एकदा फसलो होतो. सगळ्या केबिनना फॅन बसवले, कार्बन डायऑक्साइडच्या मीटरचा आकडा काही खाली येईना. शेवटी एकाने आतून फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावला, तो सरळ खाली पडला. दार बंद, धूळ येऊ नये म्हणून खिडक्यांना टेप, मग फॅन ओढणार काय? समोरच्या भिंतीत खाली वीतभर झरोका कापला, तसा कागद जाळीला चिकटून बसला. आठवड्याने बघतो तर झरोक्यात टॉवेल कोंबलेला! गार हवा थेट उशाशी येत होती. खाट फिरवली, झरोक्याला आतून वर तोंड करणारा पत्रा लावला, मग टॉवेल गेला. माणसं झरोका बुजवतात तेव्हा त्यांना रागावण्याआधी खाट कुठे आहे ते बघावं. झरोका जनरेटरच्या किंवा संडासाच्या टाकीच्या बाजूला कापू नका, हे वेगळं सांगायला नको.

डोळ्यांची चुरचुर बहुधा फॉर्मल्डिहाइड या वायूची. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ यांच्या गोंदातून तो निघतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की जास्त निघतो. दिवसभर कुलूपबंद केबिन पत्र्याखाली तापते, म्हणून दुपारी त्रास. चक्रीवादळ कतरिनानंतर अमेरिकेत विस्थापितांना दिलेल्या ट्रेलरमध्ये हेच झालं होतं. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2007-08 च्या हिवाळ्यात 519 ट्रेलर तपासले, सरासरी 77 पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत 77 भाग) निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची अर्ध्या तासाची मर्यादा साधारण 80 पीपीबी आहे, आणि ती तपासणी थंडीतली होती हे लक्षात घ्या. उपाय साधा आहे: माणसं कामावर असताना फॅन चालूच ठेवा, परतायच्या अर्धा तास आधी दार-खिडक्या सताड उघडा. बोर्डाच्या कापलेल्या कडा उघड्या असतील तर पट्टी लावून बंद करा, सगळ्यात जास्त तिथून निघतं. पुढच्या खेपेला लोखंडी खाटा आणि ई-1 (फॉर्मल्डिहाइड कमी सोडणाऱ्या बोर्डाचा दर्जा) किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड मागा. फॉर्मल्डिहाइड दाखवणारे स्वस्त मीटर सॅनिटायझरच्या वासानेही उड्या मारतात, त्यांच्यावर भांडू नका. नमुना घेऊन प्रयोगशाळेत द्या.

कुबट वासाच्या दोन केबिनमध्ये खाट भिंतीपासून ओढून गादीची मागची बाजू बघा. काळ्या टिकल्या दिसतील अशी माझी पैज. रात्री थंड पत्र्यावर दव धरतं, गादी ते पिते. ओले कपडे आत वाळत असतील तर पाणी आणखी वाढतं. खाट आणि भिंतीत हातभर अंतर, कपड्यांसाठी बाहेर आडोसा, आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली. एसीच्या पाण्याची नळी भिंतीतच गळत नाही ना, तेही बघा. आमच्याकडे दोनदा तेच निघालं. बुरशीवर रंग मारू नका, आणि भिंतीत भरलेली ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भिजली असेल तर वाळवत बसू नका, फेका.

प्युरिफायर धुळीसाठी चांगला आहे. बाहेर खोदकाम किंवा धूर असेल तर नंतर घ्याच. ओझोन सोडणारं यंत्र मात्र कुणी फुकट दिलं तरी नको.

ऑफिसला पटवायचं असेल तर एनडीआयआर सेन्सरचा (इन्फ्रारेड प्रकाशाने कार्बन डायऑक्साइड थेट मोजणारा), नोंद ठेवणारा एक मीटर घ्या. स्वस्तातले बरेचसे आकडा अंदाजाने काढतात. फॅन-झरोक्याआधीची एक रात्र आणि नंतरची एक रात्र, त्याच केबिनमध्ये, तीच चार माणसं. दोन्ही आलेख एकाखाली एक ठेवून पाठवा.