चौघांच्या तंबूला दिवा कोणता घ्यावा?
बेळगाव जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या जांबोटीकडे दोन मुलांना घेऊन तंबूत राहायचंय, दिवा कोणता न्यावा, असं विचारलंय. चौघांना २०० ते ३०० ल्यूमेन (दिवा किती उजेड देतो त्याचं माप) पुष्कळ झाले. दुकानदार हजारवाला गळ्यात मारायला बघेल. तंबूत तो नुसता डोळ्यांवर येतो. उजेड कमी-जास्त करता येणारा, पिवळसर (खोक्यावर उजेडाच्या रंगाचा आकडा ३००० केल्विनच्या आसपास) एलईडी कंदील घ्या आणि माथ्यावरच्या कडीला टांगा. पांढऱ्याफेक उजेडावर किडे जास्त येतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळा सरता सरता ते किती येतात, हे आम्ही एकदा आमटीच्या पातेल्यात मोजलंय! तेव्हापासून एक मोठा दिवा चुलीपासून लांब लावून ठेवतो, बरेचसे तिकडेच जातात.

रात्री मुलांना बाहेर न्यायला कपाळावर बांधायची बॅटरी हवीच, हात मोकळे राहतात. कंदील विसरलात तर मोबाईलची बॅटरी (टॉर्च) लावा आणि तिच्यावर पाण्याने भरलेली पारदर्शक बाटली ठेवा, मऊ उजेड पसरतो.

रॉकेलचा कंदील किंवा मेणबत्ती मात्र आत अजिबात नको. कापड पेटतं ते वेगळंच, पण बंद तंबूत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला ना वास, ना रंग.