वहीतले ते पान पुन्हा वाचा

आपले चार पानी पत्र मिळाले. विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला आपला मुलगा कॅम्पस मुलाखतींना बसायला तयार नाही. कंपन्यांची चाकरी आणि त्यांची बिले या दोन्हींतून सुटण्यासाठी तो संगमेश्वरजवळच्या आजोबांच्या जमिनीवर, महावितरणची जोडणी न घेता, सौर विजेवर आणि विहिरीच्या पाण्यावर राहायचे म्हणतो. आपण त्याला ‘नोकरी धर, नाहीतर सातबाऱ्यावर तुझे नाव लागू देणार नाही’ असे बजावले आहे आणि मी त्याची समजूत काढावी, अशी आपली अपेक्षा आहे.

पत्र वाचून मला अधिक काळजी आपली वाटली. तिसऱ्या पानावर आपण ओझरते लिहून गेला आहात की, जिथे ३१ वर्षे काढली त्या कंपनीने एका दुपारी बोलावून छापील राजीनाम्यावर सही घेतली आणि गेटवर ओळखपत्र काढून घेतले. मुलगा तेव्हा दहावीत होता. या प्रसंगाला आपण अडीच ओळी दिल्या आहेत आणि पॅकेजच्या आकड्यांना दीड पान. त्या संध्याकाळी घरी आलेला बाप मुलाने पाहिला आहे, आणि आज तो जे बोलतो त्याची सुरुवात मला तिथेच दिसते. ज्यांनी आपल्याला असे वागवले त्यांच्यासारख्यांच्याच दारात मुलाने उभे राहावे, म्हणून आपण आजोबांची जमीन पणाला लावता, हे स्पष्ट सांगायचे तर अन्यायाचे आहे. महाराष्ट्रात शेतजमीन सर्वसाधारणपणे शेतकऱ्यालाच विकत घेता येते. शहरात वाढलेल्या मुलाच्या हातून ही जमीन गेली, तर तशी दुसरी घेणे त्याला सोपे जाणार नाही. ही धमकी आजच मागे घ्या.

आपण दोघेही एक गोष्ट गृहीत धरून भांडत आहात, ती म्हणजे ग्रिड, म्हणजे महावितरणच्या विजेचे जाळे, सोडणे म्हणजे कामधंदा सोडणे. पुण्याच्या बुधवार पेठेत, भर वस्तीत, डॉ. हेमा साने यांनी विजेची जोडणी न घेता आयुष्य काढले. त्याच काळात त्यांनी गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि पुस्तके लिहिली. गरजा कमी केल्यामुळे त्यांचे काम कुठेही अडले नाही. उलट आपल्या मुलाच्या योजनेतील पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी हा सगळा माल कंपन्यांचाच आहे, आणि लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, तेव्हा रोख पैसे लागतात. ते कुठून येणार, याचे उत्तर त्याच्याकडे असलेच पाहिजे. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ मध्ये ३९ घरांसाठी सौर मायक्रोग्रिड, म्हणजे वस्तीपुरती छोटी वीजयंत्रणा, उभा राहिला. तिथल्या लोकांनी वीज नाकारली नव्हती, ती त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. अशा वाड्यावस्त्यांवरची यंत्रणा आखणे आणि ती चालती ठेवणे हे विद्युत अभियंत्याचे काम आहे. कंपन्यांवर राग असलेल्या मुलालाही ते मान ताठ ठेवून करता येईल.

पदवी मात्र त्याने पुरी करावी. अभियंत्यांची ‘गेट’ परीक्षा आणि महावितरणची भरती हे मार्ग त्यानंतरही खुले राहतील.

आता मुलाने विजेचा हिशेब मांडलेल्या त्या वहीच्या पानाविषयी. मुलाच्या ‘वेडाचा पुरावा’ म्हणून आपण त्याचे छायाचित्र पाठवले आहे. मी ते दोनदा वाचले. लहान फ्रीज, पंखा, दिवे, लॅपटॉप आणि अर्ध्या अश्वशक्तीचा पंप मिळून रोज अडीच युनिट, हा त्याचा अंदाज ठीक आहे. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून लख्ख उन्हात चार युनिट मिळतील, हेही बरोबर. चूक पुढे आहे. त्याने १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची एकच बॅटरी धरली आहे. तिच्यात कागदावर १.८ युनिट मावतात, पण लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाती युनिटभरही येत नाही. फ्रीज आणि पंख्याची एक रात्रसुद्धा त्यात नीट निघणार नाही. शिवाय जुलैत कोकणात सलग काही दिवस ऊनच पडत नाही, त्याचा तर हिशेबच नाही.

येत्या रविवारी हे पान त्याच्यासमोर ठेवा आणि पावसाळ्यात बॅटरी कशी पुरेल, एवढेच विचारा. पदवीची परीक्षा झाली की पहिला पावसाळा त्याला तिथे काढू द्या, आणि त्यातले आठ दिवस आपणही जाऊन राहा. कॅम्पसचा विषय रविवारी काढू नका. त्या दुपारी गेटवर काय झाले, ते मात्र त्याला आपल्या तोंडून सांगा.