अंतरा, टाळेबंदी आणि नवऱ्याची सही

प्रश्न : २०२०च्या टाळेबंदीत माझी धाकटी बहीण सासरी, खेड्यात अडकली होती. मेहुण्यांचे काम बंद पडले आणि मारहाण वाढली. 'अंतरा' या गर्भनिरोधक इंजेक्शनची तारीख हुकून तिला दिवस गेले. मूल नको म्हणून ती कशीबशी एका खासगी दवाखान्यात पोहोचली, तर तिथे नवऱ्याची सही मागितली गेली. ती तशीच परतली. हे नियमाला धरून होते का? पुन्हा अशी साथ आली तर काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच नव्हते. १९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा कुठेही मागत नाही. ती मागणारे दवाखाने आजही आहेत, याची चीड येते.

प्रजनन-आरोग्याच्या सेवा अत्यावश्यक असल्याचे केंद्र सरकारने एप्रिल २०२० मध्येच कळवले होते. पण एसटी बंद, नाक्यावर पोलीस आणि आरोग्य केंद्राचे कर्मचारी कोविडच्या कामाला जुंपलेले, अशा वेळी दर तीन महिन्यांनी केंद्रात जाऊन घ्यायचे इंजेक्शन बाईने घ्यायचे कसे?

मारहाणीच्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगाने त्याच महिन्यात व्हॉट्सॲप क्रमांक सुरू केला. मात्र घरात फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात आणि तो दिवसभर समोर, अशा बाईला त्याचा उपयोग नव्हता. स्पेनच्या कॅनरी बेटांवर अधिक शहाणपणाची सोय झाली : औषधाच्या दुकानात जाऊन 'मास्क १९' एवढेच म्हटले की दुकानदार मदत बोलावत असे. आपल्याकडे आशाताई ताप आणि ऑक्सिजन मोजायला घरोघरी जात होत्या. त्याच भेटीत गर्भनिरोधक गोळ्या देण्याचे आणि बाईशी दोन मिनिटे एकटीशी बोलण्याचे काम ठरवून, वेगळ्या मोबदल्यासह, त्यांच्याकडे द्यायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

बहिणीने इंजेक्शनला पर्याय म्हणून गोळ्या आशाताईंकडून आधीच घेऊन ठेवाव्यात. मात्र कोणत्या आणि कधी सुरू करायच्या, हे डॉक्टरांना विचारावे. गर्भपात कायद्यातील २०२१च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंतच्या गर्भपातासाठी एकाच नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. मारहाण झाल्यास १८१ (महिला मदत क्रमांक) किंवा ११२ (आपत्कालीन क्रमांक) वर तिच्या वतीने तुम्हीही फोन करू शकता. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देण्याचा अधिकारही तुम्हाला आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम १९ नुसार न्यायालय तिला नव्हे, तर नवऱ्याला घराबाहेर जाण्याचा आदेश देऊ शकते.