शिक्षक कोणी व्हावे, समुपदेशक कोणी व्हावे?

प्रश्न : माझी मुलगी मानसशास्त्र विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अल्पदृष्टी असून चाळीस टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेले आहे. तिला बी.एड. करून शाळेत शिकवायचे आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या मते वर्ग सांभाळणे तिला जमणार नाही. त्यापेक्षा तिने समुपदेशक व्हावे, कारण तेथे एका जागी बसून बोलायचे असते. आपले मत कळवावे.
– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : वडीलधाऱ्यांची काळजी समजण्यासारखी आहे, पण त्या काळजीचा आधार चुकीचा आहे. समुपदेशन म्हणजे नुसते बोलणे नव्हे. समोरच्या मुलाची चुळबूळ, खाली गेलेली नजर, मध्येच थांबलेले वाक्य हे सारे टिपावे लागते, आणि त्यातील बराचसा भाग डोळ्यांनीच टिपला जातो. तेव्हा दृष्टी कमी म्हणून शिकवणे अवघड आणि समुपदेशन सोपे, ही विभागणी टिकत नाही. दोन्ही कामांत अल्पदृष्टी असलेली व्यक्ती आपली पद्धत बसवते. वर्गात मुलांची नावे व आवाज पाठ करणे, मोठ्या अक्षरांतील टिपणे वापरणे, फळ्यावर लिहिण्याचे काम मुलांकडे सोपवणे, असे उपाय अशा शिक्षकांनी पूर्वीपासून अवलंबले आहेत. निवड व्हावी ती आवडीवरून. तिला तीस-चाळीस मुलांपुढे एखादा विषय उलगडून सांगण्यात आनंद वाटतो की एकाच मुलाचे ऐकत बसण्यात, हे तिलाच विचारावे.

आता नियमांविषयी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 प्रमाणे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी किमान 5 टक्के जागा राखीव असतात आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत मिळते. शासकीय नोकऱ्यांत हे प्रमाण किमान 4 टक्के आहे. लेखी परीक्षेत प्रत्येक तासामागे वीस मिनिटे अधिक मागता येतात आणि गरज असल्यास लेखनिकही घेता येतो. यासाठी अर्ज वेळेवर करावा लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करणारे विद्यार्थी बहुधा हक्क असूनही वंचित राहतात.

बी.एड.चा अभ्यासक्रम 2015 पासून दोन वर्षांचा असून त्यात वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढावे लागतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिक्षणशास्त्र आणि मानसशास्त्र एकाच विद्याशाखेत आहेत, ही आपल्या मुलीच्या दृष्टीने सोय आहे, कारण दोन्ही वाटांची चौकशी तिला एकाच ठिकाणी करता येईल. समुपदेशनाकडे वळायचे ठरल्यास मानसशास्त्रात एम.ए. करावे. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविकाही आहे. मात्र विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवणारे शिक्षक, व्हायचे असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडील नोंदणी आवश्यक आहे. तेथे साधे बी.एड. पुरत नाही. ‘चाइल्ड सायकॉलॉजी’च्या नावाने चालणारे आठवड्या-दोन आठवड्यांचे वर्ग यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाहीत, मग प्रमाणपत्र कितीही चकचकीत असो.

प्रश्न : मी अनेक वर्षे मुख्याध्यापक होतो. अलीकडे शिक्षणशास्त्राच्या विद्याशाखा विविध समाजांतून, भाषांतून शिक्षक व समुपदेशक घडवण्याविषयी आग्रहाने बोलतात. चांगला शिक्षक तो चांगला शिक्षक. त्याची भाषा वा समाज प्रशिक्षणात कशाला आणावा?
– निवृत्त मुख्याध्यापक, रावपुरा, बडोदे

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच गावाच्या इतिहासात आहे. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या राज्याला लागू केला. त्याच्याही आधी, 1880 च्या दशकात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मुलांसाठी बडोदे राज्याने स्वतंत्र शाळा काढल्या होत्या. पैसा होता, हुकूम होता. पण तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. त्यामुळे प्रारंभी मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे 1908 मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलावून त्यांच्याकडे हे काम सोपवावे लागले. त्या सवर्ण शिक्षकांना गणित वा व्याकरण येत नव्हते असे नाही. त्या काळच्या कोणत्याही परीक्षेत ते ‘चांगले शिक्षक’च ठरले असते.

आज भेद इतका उघड नाही, पण अंतर आहे. छोटा उदेपूरकडच्या राठवा या आदिवासी समाजातील मुलाच्या घरी राठवी बोलली जाते आणि शाळेत पहिल्या दिवसापासून गुजराती. ते मूल गप्प राहिले की त्याला मंद ठरवले जाते. समुपदेशनात तर हे अधिकच बिकट होते. आई केवळ राठवी बोलते आणि समुपदेशकाला ती येत नाही, अशा वेळी दुभाषाचे काम त्या मुलाकडेच येते, म्हणजे स्वतःविषयीची तक्रार त्याने स्वतःच भाषांतरित करायची. अशा मुलाकडून खरे काय बाहेर येणार? त्या बोलीतला एक समुपदेशक असता, तर ही वेळच आली नसती.

आपला आक्षेप एका बाबतीत मात्र मला मान्य आहे. वेगवेगळ्या समाजांतील विद्यार्थ्यांना प्रवेश दिला म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या संस्था आहेत. बी.एड.मध्ये समावेशक शाळेवर स्वतंत्र विषय असतो, परंतु वीस आठवड्यांची उमेदवारी घरापासून जवळच्या, सोयीच्या शाळेतच उरकली जाते आणि पाठटाचणे जुन्या वह्यांतून उतरवली जातात. राठवा विद्यार्थिनीने शहरातील इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आणि शहरी विद्यार्थ्याने आदिवासी भागातील शाळेत काही आठवडे काढले, तर दोघांचाही पाया पक्का होईल. शिवाय घरी मराठी, बाजारात गुजराती आणि कॉलेजात इंग्रजी हा अनुभव बडोद्याच्या मराठी कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या आहे. आपल्या मुलांनी शिक्षक होताना ही शिदोरी का वापरू नये, हे मला कळत नाही.

प्रश्न : बी.एड. झाल्यावर पहिली ते पाचवीला शिकवता येते का?
– एक विद्यार्थिनी, बडोदे

उत्तर : नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिलेल्या निकालानुसार प्राथमिक वर्गांवरील नव्या नेमणुकीसाठी बी.एड. ही अर्हता ग्राह्य धरली जात नाही. त्यासाठी डी.एल.एड., म्हणजे गुजरातेत आजही ज्याला पी.टी.सी. म्हणतात तो अभ्यासक्रम, आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला स्तर, टेट-1, उत्तीर्ण होणे आवश्यक आहे. लहान मुलांनाच शिकवायचे पक्के असेल, तर बी.एड.चे शुल्क भरण्यापूर्वीच याचा विचार करावा.