व्हिडिओ लावला की बंद पडणारा संगणक आणि कार्डावरची थकबाकी

एका वाचकाचे पत्र थोडक्यात असे आहे. त्यांच्या पाच वर्षांच्या संगणकावर इतर सर्व कामे नीट होतात. मात्र व्हिडिओ लावल्यावर दहा-पंधरा मिनिटांत पडदा काळा होतो किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो. दुरुस्ती करणाऱ्याने न उघडताच ग्राफिक्स कार्ड गेल्याचे सांगितले आणि नवा संगणक सुचवला. तो क्रेडिट कार्डावर बारा बिनव्याजी हप्त्यांत घ्यावा का, असा प्रश्न आहे. शेवटी ते लिहितात की कार्डावर आधीची 'थोडी' थकबाकी आहे, म्हणजे नव्या संगणकाच्या किमतीच्या सुमारे ६० टक्के. किमान रक्कम ते न चुकता भरतात आणि पुढच्या पगारवाढीत बाकीचे फेडणार आहेत. अडीअडचणीसाठी याहून थोडी अधिक रक्कम बचत खात्यात आहे, पण तिला हात लावायचा नाही असे त्यांनी ठरवले आहे.

नवा संगणक घेऊ नका. बिघाड कोणता हेच अजून कोणी पाहिलेले नाही.

आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंगमधील हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून तोच व्हिडिओ लावा. व्हिडिओ उलगडण्याचे काम ग्राफिक्स चिपचा एक स्वतंत्र भाग करतो. ही सोय बंद केल्यावर ते काम प्रोसेसरकडे जाते. आता संगणक टिकला, तर संशय आधी ड्रायव्हरवर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घ्यावा: निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर बसवा, किंवा त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर जुन्यावर परत जा. उलट तो अधिक लवकर बंद पडला, तर प्रोसेसरवरचा भार वाढल्याने उष्णता वाढली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि दहा-पंधरा मिनिटांचा काळ त्याच दिशेने बोट दाखवतो. पंख्यात साचलेली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर नेण्यासाठी तिच्यावर लावलेला लेप) ही त्याची नेहमीची कारणे आहेत. २०१८ मध्ये आलेल्या एव्ही१ स्वरूपाचे व्हिडिओ उलगडण्याची सोय अनेक जुन्या ग्राफिक्स चिपमध्ये नाही, त्यामुळे तिथेही सारा भार प्रोसेसरवरच पडतो.

विंडोज असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे संगणकातल्या घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या त्यातल्याच साधनात, बंद पडण्याच्या वेळेची नोंद पाहा. ४१ क्रमांकाची कर्नेल-पॉवर नोंद दिसली म्हणून पॉवर सप्लाय बदलायला धावू नका; संगणक रीतसर बंद न होता थांबला, एवढेच ती सांगते. डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवल्याची ४१०१ क्रमांकाची नोंद अधिक उपयोगी आहे. एक रात्र मेमरीची चाचणीही चालू ठेवा. या सर्व तपासणीला वेळ लागतो, पैसे लागत नाहीत. पत्रात उल्लेख असलेली वेग वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी मात्र आजच रद्द करा. यातला कोणताही बिघाड ते दुरुस्त करत नाही, आणि अशी काही सॉफ्टवेअर ड्रायव्हर परस्पर बदलून नवा गोंधळ घालतात. भीती दाखवून विकल्या जाणाऱ्या या वस्तूंबद्दल मला मनापासून चीड आहे.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो, कारण तुमचे खरे नुकसान तिथे होत आहे. संगणकाची किंमत १०० धरू, म्हणजे थकबाकी ६०. कार्डाचे व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान भरणा ५ टक्के धरला, तर वर्षभरात तुम्ही सुमारे ३२ भराल. त्यातले १९ व्याजात जातील आणि ४७ देणे उरेल. तुमच्या कार्डाचा नेमका दर मासिक विवरणपत्रावर छापलेला असतो, तो घालून हा हिशेब पुन्हा करा. याच काळात बचत खात्यातल्या तेवढ्याच रकमेवर ३ टक्क्यांनी २ सुद्धा मिळणार नाहीत. न चुकता किमान रक्कम भरल्याने विलंबशुल्क टळते, व्याज टळत नाही. शिवाय थकबाकी शिल्लक असताना नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही सहसा मिळत नाही, त्यामुळे कार्डावरचा किरकोळ खर्चही पहिल्या दिवसापासून व्याज खात असतो.

पगारवाढ हाती येईपर्यंत ती हिशेबात धरू नका. बचत खात्यातून पूर्ण थकबाकी या आठवड्यात फेडा आणि पुढच्या विवरणपत्रात तोपर्यंतचे जे व्याज येईल तेही पूर्ण भरा. अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम ज्या अडचणीसाठी होती, ती ३६ टक्के वार्षिक दराने तुमच्यासमोर उभी आहे. नव्या संगणकाचा हप्ता महिन्याला सुमारे ८ झाला असता. तो भरायची तुमची तयारी होतीच, तेव्हा तेवढेच ८ दरमहा बचत खात्यात टाका, म्हणजे सात-आठ महिन्यांत ६० पुन्हा जमतील. त्या काळात सुटा भाग बदलावाच लागला, तर त्याचे पैसे याच रकमेतून रोख द्या. बचतीतली रक्कम पुन्हा पूर्ण जमेपर्यंत कार्डावर कोणतीही हप्त्यांची खरेदी करू नका.