केनाफ राहू द्या, आधी थकलेलं पीककर्ज बघा

नांदेड जिल्ह्यातल्या एका वाचक दादांनी विचारलंय, दोन एकरात केनाफ लावायचाय, कंपनीचा माणूस एकरी 45 हजार मागतोय, त्यात बियाणं, ट्रेनिंग आणि 'बायबॅक'चा, म्हणजे माल कंपनीच विकत घेणार असा करार, उत्पन्न म्हणे एकरी 1 लाख 80 हजार. तर 90 हजारासाठी 3.2 लाखाची एफडी मोडू की बायकोच्या सोन्यावर लोन काढू?

दादा, केनाफ म्हणजे आपली अंबाडी हो. तुमच्या आजोबांनी तुरीच्या कडेनं लावलेली, जिच्या वाखाचे, म्हणजे सालीच्या धाग्यांचे, कासरे पोळ्याच्या आधी ओसरीवर बसून वळायचे तीच. आता हिशोब. पीक चांगलं आलं तर एकरी 8 क्विंटल वाख धरू. तागाचा हमीभाव 2025-26 ला क्विंटलला 5650 रुपये होता, तोच लावला तरी 45 हजार होतात, म्हणजे जेवढे एजंटला देणार तेवढेच! शिवाय कापणी, मग खोडं दोनेक आठवडे पाण्यात कुजवायची, मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून साल सोलायची, त्याला मजूर कुठून आणणार आणि पाणी कुठलं? तागाच्या मिल बहुतेक बंगालात, तिथवरचं भाडं वेगळंच. 1 लाख 80 हजार कुठून आले ते त्या एजंटलाच माहीत.

पण मी अडकलो तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत. 'अडीच लाखाचं पीककर्ज दोन वर्षांपासून भरलं नाही, माफी होईल म्हणतात.' अहो!! मुदतीत भरलं असतं तर 3 लाखापर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना धरून व्याज शून्य पडतं. मुदत चुकली की दोन्ही गेल्या आणि बँकेचा नेहमीचा दर लागतो, 11 टक्के धरा, वर्षाला 27 हजार, दोन वर्षांत 55. आणि त्याच वेळी तुमची एफडी 7 टक्क्यांनी वर्षाला 22 हजार कमावतेय म्हणून तुम्ही खूश. फुकटचं कर्ज महाग करून घेतलंत की राव.

माफीचं म्हणाल तर 2019 च्या योजनेत 2 लाखाच्या वरची थकबाकी बसलीच नव्हती, तुमची आता 3 लाखाच्या पुढे गेली असेल. पुढची आली तर तिच्या अटी काय असतील त्यावर कशाला जुगार खेळायचा. वर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, खराब, मग सावकार नाहीतर सोनं, आणि तुम्ही आत्ता नेमके सोन्यापर्यंत पोचलाच आहात.

तर एफडी मोडा, पण केनाफसाठी नाही. पेनल्टी टक्काभर जाईल, जाऊ द्या. बँकेतून थकबाकीचा आकडा लेखी घ्या, पूर्ण भरा, आणि नवीन पीककर्जाचा अर्ज तिथंच टाका, ते मात्र वर्षाच्या आत फेडायचं, तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा. सोन्याला हात लावू नका. अंबाडी हवीच असेल तर दोन ओळी लावा, भाजीपुरती.