नोकरी, घर सगळं आहे, तरी आयुष्याला हेतू नाही असं वाटतं. तो कसा शोधावा?

माझं स्पष्ट मत आहे की हेतू नुसता विचार करत बसून सापडत नाही. एखाद्या कामाला जीव लावला की तो हळूहळू तयार होतो.

आपल्या ठाण्याचे वि. ल. भावे बघा. धंदा मिठाचा, ओढ मराठी ग्रंथांची. १८९३ साली, ऐन एकविशीत, त्यांनी पुढाकार घेऊन इथे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं. पुढे जुनी हस्तलिखितं शोधली, मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिला. १९२६ साली ते गेले, संग्रहालय आजही चालू आहे. पोटापाण्याचा उद्योग आणि जिव्हाळ्याचं काम एकच असावं लागत नाही, हे मला फार दिलासा देणारं वाटतं. (ठाण्याहून रोज लोकलला लोंबकळणाऱ्यांना तर नक्कीच!)

आठवड्यातले दोन तास अशा कामाला द्या, जे तुम्ही केलं नाही तर कुणाचं तरी अडेल. शेजारच्या मुलीचं गणित, सोसायटीतल्या एकट्या आजींची बँकेची कामं, काहीही. निदान सहा महिने सोडू नका.

मात्र झोप उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर ते नैराश्य असू शकतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. आजच फोन करा.